पाहुण्यांना मासे गरवायला नेताना : मालदीवच्या बेटांवरून शिकण्यासारखं



किनाऱ्याकडच्या आपल्या गटांच्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. घरी राहायला आलेले पाहुणे विचारतात, "आम्हाला मासे पकडायला नेता का?" घरधनी नाहीतर दीर होडी काढतो. पाहुणे खुशीत परत येतात आणि पिशवी पुढे करून म्हणतात, "वहिनी, एवढे तळून द्या ना!" वहिनी साफ करते, वाटप वाटते, तळते, वाढते, भांडी घासते. होडीचे पैसे मिळतात. तळणाचे? ते पाहुणचारात जमा!

पाहुण्यांना मासे पकडायला नेणं हा जगात बऱ्याच बेटांवर चांगला चालणारा धंदा आहे. त्यातलं आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे मालदीव. तिथे हे काम कसं चालतं, पैसा कुठून कुठे जातो, समुद्राचं काय होतं आणि बायकांच्या हाती काय लागतं, हे या लेखात समजून घेऊ. मग आपल्याला त्यातलं काय घेता येईल ते बघू.

मालदीव म्हणजे कुठे?

आपल्या लक्षद्वीपच्या खाली दक्षिणेला हा देश आहे. सुमारे १,२०० लहान लहान बेटं, आणि त्यातल्या जेमतेम २०० बेटांवर माणसांची वस्ती. सगळी बेटं पोवळ्याच्या खडकावर उभी. शेती नावालाच. नारळ आणि मासा यांवरच पिढ्या जगल्या. त्यांच्या धिवेही भाषेत माशाला 'मस' म्हणतात. आपला 'मासा' आणि त्यांचा 'मस' एकाच घरातले! लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावरही हीच भाषा बोलतात.

तिथला मुख्य मासा कुपा, म्हणजे आपल्याकडे ज्याला गेदरही म्हणतात तो. कुपा धरायला जाळं टाकायचं नाही असा तिथला नियम आहे. काठीला दोरी, दोरीला गरी, अशी एकेक मासा ओढायची पद्धत. पहाटे लहान मासे धरून होडीतल्या पाण्याच्या कप्प्यात जिवंत ठेवतात. कुप्याचा थवा दिसला की हे लहान मासे समुद्रात फेकतात, वरून पाण्याचे फवारे मारतात. कुपा खवळून वर येतो, आणि खलाशी रांगेत उभे राहून धडाधड मासे होडीत उडवतात. या मासेमारीला २०१२ मध्ये समुद्र जपून केलेली मासेमारी म्हणून आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळालं.

ही कुप्याची मासेमारी खडतर असते, ती पाहुण्यांना झेपणारी नाही. पाहुण्यांसाठी तिथे वेगळी, सोपी मासेमारी आहे. तिला रात्रीची मासेमारी म्हणतात.

रात्रीची मासेमारी कशी चालते?

सूर्य मावळायच्या थोडं आधी होडी निघते. त्यांच्या होडीला 'धोनी' म्हणतात. पाहुणे सूर्यास्त बघतात, फोटो काढतात. मग तांडेल पोवळ्याच्या खडकाजवळ, त्याला माहीत असलेल्या जागी होडी थांबवतो. जागा ओळखणं हीच त्याची खरी विद्या.

प्रत्येक पाहुण्याच्या हातात एक रीळ देतात. त्यावर नायलॉनची दोरी, खाली शिसाचं वजन आणि गरी. गरीला कुप्याचा नाहीतर माकुलाचा तुकडा लावायचा. दोरी सोडत जायची. वजन तळाला टेकलं की हाताला कळतं. मग दोरी हातभर वर घ्यायची आणि बोटावर धरून बसायचं. मासा टोचला की बोटाला झटका बसतो. झटका बसला की हातावर हात टाकत ओढायचं. बास! आपल्याकडे खाडीत गरवतात तेच. दहा मिनिटांत शहरातला माणूस शिकतो, लहान मूलही शिकतं. म्हणूनच हा प्रकार एवढा चालतो.

रात्रच का? तर तांबोशीच्या जातीचे मासे आणि मोठ्या डोळ्यांचे लाल मासे दिवसा खडकाच्या आसऱ्याला असतात आणि अंधार पडला की खायला बाहेर निघतात. तिन्हीसांजेला गरीला मासा लागायची शक्यता जास्त असते. शिवाय उन्हाचा त्रास नाही. दोन-तीन तासांत होडी परत. पकडलेले मासे निखाऱ्यावर भाजून त्याच रात्री ताटात.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. पाहुण्याने पैसे माशाचे दिलेले नसतात. मासा बाजारात यापेक्षा स्वस्त मिळतो. तो पैसे देतो संध्याकाळचे, तांडेलाच्या माहितीचे, स्वतःच्या हाताने ओढण्याच्या आनंदाचे आणि शेवटच्या गरम ताटाचे. एखाद्या रात्री मासा लागलाच नाही तरी जेवण चुकत नाही, कारण स्वयंपाकघरात मासा आधीच आणून ठेवलेला असतो. "मासा मिळेलच" असं शहाणा तांडेल कधी सांगत नाही.

पैसा गावात कधी आला?

मालदीवमध्ये पर्यटन १९७२ मध्ये सुरू झालं. पण पुढची बरीच वर्षं पद्धत अशी होती की ज्या बेटावर वस्ती नाही तिथे हॉटेल बांधायचं, एका बेटावर एकच हॉटेल. पाहुणा विमानाने येणार, होडीने थेट हॉटेलच्या बेटावर जाणार, तिथेच खाणार, तिथूनच परत जाणार. शेजारच्या वस्तीच्या बेटावरच्या घरांना त्याचं तोंडही दिसत नसे. गावातल्या पुरुषांना हॉटेलात नोकरी मिळे, पण त्यासाठी घर सोडून दुसऱ्या बेटावर राहावं लागे. बायकांना ते फारसं जमत नसे.

२००९ मध्ये नियम बदलला आणि वस्तीच्या बेटांवर लहान लहान पाहुणाघरं चालवायला वाट मोकळी झाली. राजधानी मालेजवळच्या माफुशी बेटासारख्या गावांत काही वर्षांतच अशी घरं उभी राहिली. मग न्याहारी, धुणं, होडी, मासेमारी, सगळ्याची गरज गावातूनच भागू लागली. न्याहारीला 'मस हुनी' असते. कुप्याचा चुरा, खोवलेलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू असं एकत्र कालवायचं आणि 'रोशी' म्हणजे चपातीबरोबर खायचं. वाचूनच आपल्या सुकटीच्या कोशिंबिरीची आठवण येते ना?

गावात पाहुणे आले तसे नियमही आले. वस्तीच्या बेटांवर दारू चालत नाही. पोहण्याच्या कपड्यात गावातून फिरायचं नाही, त्यासाठी वेगळा किनारा राखलेला असतो. नियम आहेत म्हणून पाहुणे यायचे थांबले नाहीत. ही गोष्ट आपल्या कामाची आहे, कारण "नियम लावले तर गिऱ्हाईक जाईल" अशी भीती आपल्याकडे पहिल्या दिवसापासून असते.

बायकांचं काम कुठे गेलं?

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. मालदीवमध्ये समुद्रावर पुरुष जात आणि मासा किनाऱ्याला लागला की पुढचं सगळं काम बायकांचं. कुपा कापायचा, मिठाच्या पाण्यात उकडायचा, धुरावर धरायचा, उन्हात लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवायचा. ही सुकी मासळी परदेशी, मुख्यतः श्रीलंकेत जायची. उकडलेलं पाणी आटवून 'रिहाकुरू' नावाचा घट्ट तपकिरी लगदा करायच्या, तो वर्षभर टिके. म्हणजे घरात येणाऱ्या पैशात बायकांच्या हाताचा मोठा वाटा होता.

१९७० च्या दशकात दोन गोष्टी झाल्या. श्रीलंकेची खरेदी कोसळली आणि होड्यांना इंजिनं बसू लागली. ताजा मासा समुद्रातच मोठ्या जहाजांना विकायची पद्धत आली. होडीवाल्यांना रोख पैसे मिळू लागले, पण मासा किनाऱ्यावर येईनासा झाला. उकडणं नाही, वाळवणं नाही, बायकांची कमाईही नाही. कोणी ठरवून केलं नाही. बायकांचं काम घरकामात धरलेलं होतं, त्याचा हिशेब कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून ते गेलं तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आपल्याला हेच सांगायचंय. पाहुण्यांच्या धंद्यातही पैसा होडीवर थांबू शकतो. होडीचं भाडं ठरतं, डिझेल धरलं जातं, खलाशाची मजुरी धरली जाते आणि चूल तशीच राहते. ज्या कामाची किंमत पहिल्या दिवशी लिहिली नाही, त्याची पुढे कोणी देत नाही.

समुद्र किती दिवस देणार?

दुसरा धडा समुद्राचा. मालदीवचे लोक पिढ्यान्पिढ्या मुख्यतः कुपाच खात आले. कुपा खोल समुद्रात फिरणारा, भराभर वाढणारा मासा. पोवळ्याच्या खडकातले मासे ते कमी धरत. पर्यटन वाढलं तशी या खडकातल्या माशांना हॉटेलांतून मागणी आली. १९९० च्या दशकात गोब्रा बाहेरदेशी पाठवायला सुरुवात झाली आणि मोठे गोब्रे दिसायचे कमी झाले.

गोब्रा सावकाश वाढतो. शिवाय त्याची गंमत अशी की बऱ्याच जातींत तो आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. मोठे मोठे सगळे धरले की नरच उरत नाहीत, आणि लहान धरले तर अंडी घालायच्या आतच मासा संपतो. म्हणून लहान मासा सोडून द्यायचा आणि मोठ्याचाही मोह आवरायचा, असं दोन्हीकडून सांभाळावं लागतं. २०१० मध्ये तिथे मुशी मारायला देशभर बंदी घातली गेली. जिवंत मुशी बघायला पाहुणे पाण्यात उतरतात आणि त्याचे पैसे देतात. मारलेल्या मुशीचे पैसे एकदाच मिळतात, जिवंत मुशी दर मोसमाला कमावून देते.

नांगराचंही तसंच. पोवळ्यावर नांगर टाकला की शंभर वर्षांत वाढलेला खडक मिनिटात मोडतो. म्हणून नांगर रेतीत टाकायचा.

आपल्याला काय करता येईल?

आपल्याकडे पोवळ्याची बेटं नाहीत, पण खाड्या आहेत, कांदळवन आहे, रापण आहे. आणि बायकांनी चालवलेल्या कामाचं उदाहरणही आपल्या जवळच आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायकांनी २०१७ मध्ये कांदळवन सफर सुरू केली. इंजिन नाही, वल्ह्याची होडी. बायकाच वल्हवतात, बायकाच कांदळाची झाडं आणि पक्षी दाखवतात. म्हणजे होडी पुरुषाचीच असली पाहिजे असं काही नाही.

गटाला पाहुण्यांसाठी करता येण्यासारखी कामं अशी :

१. खाडीत किंवा जेटीवर गरवायला शिकवणं. होडी नसली तरी चालतं.

२. ओहोटीला तिसऱ्या, मुळे काढायला नेणं. हे तर आपलंच काम, आपल्यालाच जागा माहीत. बारीक तिसऱ्या परत वाळूत टाकायच्या, हे पाहुण्यांना आधीच सांगायचं.

३. रापण ओढायला हात लावू देणं. त्यासाठी रापणकरांशी आधी बोलणं हवं आणि त्यांचा वाटा ठरलेला हवा.

४. मासळी बाजाराची फेरी. ताजा मासा कसा ओळखायचा ते दाखवायचं : कल्ले लाल, डोळे चमकदार, बोट दाबलं तर खड्डा राहत नाही.

५. मासा साफ करणं, वाटप वाटणं, तिरफळं घालून कढी करणं शिकवणं. हे पाचवं काम सगळ्यात कमी भांडवलाचं, आणि पूर्ण आपल्या हातातलं.

हिशेब असा मांडा

एक नमुना बघू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, आपल्या गावच्या भावाप्रमाणे बदलून घ्या. समजा सहा पाहुणे आले, दरडोई ८०० रुपये, म्हणजे एकूण ४,८०० रुपये.

होडी आणि डिझेल : १,००० रुपये
तांडेलाची मजुरी : ७०० रुपये
मदतनीस खलाशी : ५०० रुपये
गरी, दोरी, आमिष : २०० रुपये
जेवणाचं सामान : ९०० रुपये
स्वयंपाकाच्या दोन बायकांची मजुरी, प्रत्येकी ४०० : ८०० रुपये
लाइफ जॅकेट आणि सामानाची देखभाल : ३०० रुपये
गटाचा निधी : ४०० रुपये
एकूण : ४,८०० रुपये

आता यातली पहिली तीन कलमं बघा. १,००० अधिक ७०० अधिक ५००, म्हणजे २,२०० रुपये. बाहेरचा एजंट आला तर तो एवढेच देतो आणि पाहुण्यांना जेवायला हॉटेलात नेतो. उरलेले २,६०० रुपये गावाबाहेर जातात. आणि घरच्या घरी केलं, पण स्वयंपाकाची मजुरी वेगळी लिहिली नाही, तर ते ८०० रुपये "होडीच्या धंद्यात" मिसळून जातात. म्हणून मजुरीचं कलम वेगळं आणि बाईच्या नावासमोर. पैसे तिच्या हातात नाहीतर तिच्या खात्यात.

मासा मिळाला नाही तर पैसे परत मागणारे पाहुणे भेटतील. त्यांना आधीच सांगा, "आम्ही शिकवू, नेऊ, जेवू घालू. मासा समुद्राच्या मर्जीवर." हे वाक्य दरपत्रकावरच लिहून ठेवा.

सुरुवात करण्याआधी

परवाना : मासेमारीचा परवाना असलेल्या होडीत पाहुणे बसवता येतात, असा गैरसमज बऱ्याच ठिकाणी आहे. प्रवासी नेण्याची परवानगी वेगळी असते. आपल्या जवळच्या बंदर कार्यालयात जाऊन विचारा. विमाही बघून घ्या. जेवण विकायचं असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी करा.

बंदीचा काळ : आपल्या राज्यात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारीला बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेल्या समुद्राचा. या दोन महिन्यांत पाहुणे आले तर त्यांना स्वयंपाक शिकवा, सुकी मासळी विका. होडी काढू नका.

जीव आधी : प्रत्येकाला लाइफ जॅकेट, नाही तर होडी सुटणार नाही. हवामानाचा अंदाज बघितल्याशिवाय जायचं नाही. कोण गेलं, किती वाजता गेलं, कधी येणार, हे किनाऱ्यावरच्या एका सखीच्या वहीत लिहिलेलं हवं. ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास झाला की तिने फोन सुरू करायचे. दारू प्यायलेला पाहुणा होडीत घ्यायचा नाही.

काटा लागला तर : शिंगाळ्याचा किंवा वागळीचा काटा लागला की फार ठणकतं. जखम धुवून, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा. गरम पाण्याने त्या विषाचा जोर कमी होतो. पाणी आपल्या हाताला लावून बघा, नाहीतर भाजेल. मग दवाखान्यात न्या. गरी बोटात घुसली तर ओढून काढू नका. दोरी कापा आणि थेट दवाखाना गाठा.

समुद्राचे नियम : माणशी एकच गरी. बारीक मासा आणि अंडी भरलेली मादी परत पाण्यात. ताटाला पुरेल एवढंच पकडायचं. प्लास्टिक आणि तुटलेली दोरी परत आणायची. हे नियम पाहुण्याला होडीत चढायच्या आधी सांगायचे आणि ते सांगायचं काम गटातल्या बाईने करायचं. तिने एकदा ठामपणे सांगितलं की पुढचं सगळं सोपं जातं.

येत्या बैठकीत

पुढच्या मासिक बैठकीत या विषयाला अर्धा तास द्या. तीन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा. एक, आपल्या गावात आज पाहुण्यांसाठी कोणकोणत्या बाया कोणकोणतं काम फुकट करतात? दोन, त्या प्रत्येक कामाचा दर किती असावा? तीन, खाडीतली कोणती जागा पाहुण्यांना दाखवायची आणि कोणती राखून ठेवायची? यातल्या दुसऱ्या प्रश्नावर वाद होईल, होऊ द्या. दर ठरला की ठराव लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि एक प्रत ग्रामसंघाकडे द्या. होडी घ्यायची की भाड्याने आणायची, कर्ज किती काढायचं, हे सगळं त्यानंतर.